पुनर्वसित कुटुंबांना पैसे आणि रेशन मिळूनही त्यांची लहान मुले कुपोषित का राहतात?

आपण विचारले आहे की, मेळघाटच्या डोंगरातील व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसन होऊन सपाटीवर आलेल्या कुटुंबांना शासनाने पैसे दिले, रेशन आहे, अंगणवाडी आहे, तरी त्यांची लहान मुले इतकी अशक्त का, आणि याबाबत काय करता येईल. मी अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होते. आता निवृत्त आहे. हाच प्रश्न माझ्या घरात माझ्या दिरांनी इतक्या ठामपणे आणि इतक्या वेळा मांडला आहे की, आपला प्रश्न वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

त्यांचे म्हणणे असे असे: ‘‘वहिनी, घरामागं दहा लाख भेटले यायले. दारात फटफटी उभी हाय. मंग लेकराले दूध पाजाले काय होते?’’

दहा लाखांची गोष्ट खरी आहे. व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबासाठी 2008 पासून ती रक्कम ठरली होती, अठरा वर्षांवरील मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला जात असे, आणि 2021 मध्ये ती पंधरा लाख झाली. परंतु पैसा आला म्हणजे मुलाच्या पोटात अन्न गेले, असे मानणाऱ्या माणसाने लहान मुलाला भरवले नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगरात या घरांमध्ये कुटकी, ज्वारी आणि मका शेतातून येत असे. पावसाळ्यात तरोट्याची भाजी आणि बांबूचे कोंब, ओढ्यातले खेकडे व मासे, उन्हाळ्यात मोहाची फुले, चारोळीची आणि तेंदूची फळे मिळत. शेळ्या-गाईंना चाऱ्याचा खर्च नव्हता. यातील बहुतेक वस्तूंना पैसे लागत नव्हते आणि, माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या आणून देण्यासाठी आईच लागत नव्हती. आजी होती, आत्या होती, शेजारीण होती. सपाटीवर आल्यावर एका कुटुंबाला इकडे प्लॉट मिळाला, दुसऱ्याने तिकडे जमीन पाहिली, आणि मुलाचे सगळे खाणे दोनच गोष्टींवर येऊन टेकले: आईची रोजची मजुरी आणि आईचा वेळ. मजुरीला गेली तर वेळ नाही, घरी थांबली तर मजुरी नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. पुनर्वसित वस्तीतील एक कोरकू, म्हणजे मेळघाटातल्या आदिवासी जमातीची, बाई माझ्या दिरांच्याच वावरात वेचणीला येत असे. तिची दीड वर्षांची मुलगी महिन्याच्या वजनाला आली नव्हती, म्हणून मी दुपारी दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, मोजायची पट्टी घेऊन थेट वावरात गेले. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला लुगड्याची झोळी बांधलेली होती आणि तिच्याजवळ सहा-सात वर्षांची थोरली बहीण बसलेली होती. शाळा बुडवून ती धाकटीला सांभाळत होती. तिच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. एक बिस्कीट पाण्यात भिजवून ती बहिणीच्या तोंडात घालत होती आणि ते मूल चघळायचाही कंटाळा करत होते. मी पट्टी लावली तर ती लाल रंगावर थांबली, म्हणजे दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्याही खाली, तीव्र कुपोषणाची खूण. पायावर बोट दाबून पाहिले, सूज नव्हती. केस पातळ आणि तांबूस झालेले होते.

आईला हाक मारली. ती कमरेला कापसाची ओटी बांधून, तशीच धावत आली. पहाटे अंगावर पाजून निघते आणि थेट रात्री पाजते, असे तिने सांगितले. सकाळी केलेली भाकर बांधून आणलेली होती, पण दात नीट न आलेल्या मुलाला कोरडी भाकर जात नाही. वरण का नाही, असे विचारले. त्यावर तिने जे सांगितले ते मी कधी विसरणार नाही. वस्तीवरच्या बोअरचे पाणी खारे आहे आणि त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. सरपण विकत घ्यावे लागते, म्हणून डाळ आठवड्यातून बाजाराच्या दिवशीच होते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात ज्यांनी संसार केला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो. डाळ नाही, तेल नाही. शिवाय त्या मुलीचे नाव कार्डात चढलेलेच नव्हते, कारण तिचे आधार निघालेले नव्हते. म्हणजे माणशी पाच किलोच्या हिशोबात ती धरलेलीच नव्हती.

त्याच धुऱ्यावर माझे दीर उभे होते आणि ‘‘पैसे दारूत गेले’’ हेच म्हणत होते. मी त्यांना त्या मजूर बायांसमोर विचारले की, भाऊजी, तुमच्या वावरात ही बाई दिवसभर वाकलेली असते. तिला दुपारी लेकराला पाजायला तासभर सुटी तुम्ही देता का? ते उत्तर न देता निघून गेले आणि बरेच दिवस आमचे बोलणे बंद होते.

मुलीला रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावी असे मी सुचवले. तेथे आईला बुडीत मजुरी मिळते, तरी ती तयार झाली नाही, कारण घरी आणखी दोन मुले होती आणि त्यांना सांभाळायला कोणी नव्हते. तिच्यावर मी रागावले नाही आणि आजही रागावत नाही. शेवटी आमच्या गावातील ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे कुपोषित मुलांना गावातच दिवसभर भरवण्याच्या केंद्रात, त्या मुलीला घेतले. थोरली बहीण सकाळी तिला घेऊन येई, दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे भरवणे मदतनीस बाई आणि मी वाटून घेत असू. तेल घातलेला मऊ भात आणि ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या गुळाबरोबर ती खाऊ लागली. लहान मुलाचे पोट मुठीएवढे असते. त्यात एकदाच भरपूर घालता येत नाही, म्हणून तेलाचा चमचा आणि भरवण्याच्या वेळा या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या. पट्टी लालवरून पिवळ्यावर आली. पुढच्या हंगामात ते कुटुंब हरभरा सोंगायला दुसऱ्या तालुक्यात गेले आणि परत आले तेव्हा ती पुन्हा लालच्या काठावर होती. एका गावातून दुसऱ्या गावात गेले की मूल आपल्या नोंदवहीतून पुसले जाते, आणि घसरण तेथेच होते.

आता आपण विचारलेल्या उपायांबद्दल. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला आहे. मूळ कायद्यात तो असा होता: सामान्य मुलाला दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, कुपोषित मुलाला 800 कॅलरी आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिने. मूल कोणत्या गावचे, याला या हक्कात काहीही अर्थ नाही. ‘‘तुमचे नाव जुन्या गावच्या अंगणवाडीत आहे’’ असे कोणी म्हटले तर ते ऐकून परत येऊ नये, कारण जुने गाव उठलेलेच आहे. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइलवरील नोंदवहीत नाव हलवून घेता येते. घरी नेण्याच्या आहाराची पाकिटे मात्र सगळे घर वाटून खाते, त्यामुळे तीन वर्षांखालील मुलासाठी केवळ पाकीट पुरेसे आहे असे मला वाटत नाही. मुलाला सेविकेच्या समोर भरवले गेले पाहिजे.

एक तफावत फार थोड्यांच्या लक्षात येते. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित, म्हणजे आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या, क्षेत्रात येतात, अकोला जिल्ह्यातील एकही तालुका येत नाही. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण आणि मुलांना अंडी देणारी अमृत आहार योजना क्षेत्र पाहून चालते. म्हणजे तीच कोरकू आई डोंगर उतरून खाली आली की जमात तीच, गरिबी तीच, पण ताटातले अंडे मागे राहण्याची वेळ येते. योजना क्षेत्राला जोडण्याऐवजी कुटुंबाला जोडली पाहिजे, हे माझे म्हणणे मी बैठकांमध्ये मांडत आले.

दिरांचे एक म्हणणे मान्य करावे लागेल, आणि ते येथे लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. काही घरांत पैसा खरोखरच दारूत आणि गाड्यांत गेला. डोंगरात सर्व आलबेल होते असेही नाही. मेळघाटातील बालमृत्यू 1990 च्या दशकापासून देशभर चर्चेत आहेत. ज्या कुटुंबांना चांगली ओलिताची जमीन मिळाली आणि ज्यांची आजी बरोबर आली, त्यांची मुले आमच्या अंगणवाडीत चांगली वाढली, हेही मी पाहिले आहे. परंतु काही कुटुंबे परत मेळघाटात गेली आणि जानेवारी 2019 मध्ये केलपाणी परिसरात त्यांचा प्रशासनाशी संघर्ष झाला, ते दारूसाठी झाले असे कोणीही म्हणू शकणार नाही.

आपल्याला प्रत्यक्ष काही करायचे असेल तर वस्तीत जाऊन सहा वर्षांखालील मुलांची यादी करा, जन्मतारखेसह. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात म्हटले आहे की, सहा वर्षांखालील किमान 40 मुले असलेल्या ग्रामीण वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. यादी ग्रामसभेच्या ठरावासह तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. 40 मुले भरत नसतील तरी वस्तीसाठी अंगणवाडी मागा. जवळच्या गावच्या अंगणवाडीत मुले पाठवा, हे उत्तर स्वीकारू नका. दोन वर्षांचे मूल रस्ता ओलांडून दीड किलोमीटर चालत जात नाही. अंगणवाडीची वेळ मजुरीच्या वेळेशी जुळवून घेण्याचा आग्रह ग्रामसभेत धरा, कारण आई सातला निघते आणि अंगणवाडी त्यानंतर उघडते.

आणि आपण स्वतः शेतकरी असाल, किंवा आपल्या घरात माझ्या दिरांसारखे कोणी असेल, तर वेचणीला व निंदणाला येणाऱ्या तान्ह्या मुलांच्या आयांना दुपारी पाजण्यासाठी मजुरी न कापता सुटी द्या, धुऱ्यावर सावली आणि पिण्याचे गोडे पाणी ठेवा, आणि चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी हातात द्या, म्हणजे बाजारातून डाळ आणि तेल घरी येईल.