ग्रंथालयातील बाईंनी सुचवलेले पुस्तक आवडले नाही, हे सांगावे कसे?

प्रिय भगिनी,

आपले वय 54. मुले मोठी झाल्यावर आपण पुन्हा वाचू लागलात. ग्रंथालयाच्या देवघेव विभागातील बाई दर वेळी एखादी गंभीर सामाजिक कादंबरी आपल्यासाठी बाजूला काढून ठेवतात. ती आपल्याच्याने पुरी होत नाही, आणि तरीही परत करताना आपण ‘फार छान होती’ असे सांगता. आता संकोच इतका वाढला आहे की पुस्तके परत करायला आपण मुलाला पाठवता. बाईंचे मन न दुखवता यातून मार्ग कसा काढावा, असे आपण विचारले आहे. आपल्याला खरी गोडी रहस्यकथांची आहे, पण ते चारचौघांत कळण्याची लाज वाटते, हेही आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे.

माझे मत स्पष्ट आहे: बाईंना खरे सांगा, आणि लवकर सांगा. ग्रंथालयातील सगळी पुस्तके कोणीही वाचलेली नसतात. स्वतःचे वाचन, इतर वाचकांचे अभिप्राय आणि समोरच्या वाचकाचे बोलणे एवढ्यावरच कर्मचाऱ्यांना पुस्तक सुचवावे लागते. आपण ‘छान होती’ म्हणालात, म्हणून त्यांनी त्याच जातीची पुढची कादंबरी काढून ठेवली. त्यांच्या परीने त्यांनी योग्य तेच केले. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगते आणि तिसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे. ती कादंबरी आपल्या घरी न वाचता पडून राहिली, तेव्हा तिच्या खऱ्या वाचकालाही ती मिळाली नाही, याचाही विचार करावा.

मात्र नुसते ‘आवडली नाही’ म्हणून थांबू नका. कारण सांगा, कारण बाईंना उपयोग त्याचाच आहे. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल म्हणतात की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: कथानक, पात्रे, स्थळकाळ आणि भाषा. मला ही मांडणी फार उपयुक्त वाटते, कारण आपली आवड शब्दांत पकडणे भल्याभल्यांना जमत नाही आणि या चार प्रश्नांनी ते बरेच सोपे होते. आपल्याला रहस्यकथा का आवडते, हे स्वतःलाच विचारून पाहा. कोडे उलगडण्याची ओढ असेल, तर बाई एखाद्या न्यायालयीन खटल्याची किंवा वैज्ञानिक शोधाची सत्यकथाही सुचवू शकतील. त्या गुप्तहेराचा सहवास आवडत असेल, तर एकच नायक असलेली मालिका हाती देतील. जुन्या वाड्याचे, धुक्याचे, रात्रीचे वातावरण भावत असेल, तर ऐतिहासिक कादंबरीही आपल्याला रुचेल. रहस्यकथा आवडणाऱ्या तीन वाचकांना अशी तीन निरनिराळी पुस्तके द्यावी लागतात. ‘सुरुवात फार संथ वाटली’, ‘इतकी पात्रे लक्षात राहिली नाहीत’, ‘सध्या मृत्यूविषयी वाचवत नाही’ अशी साधी वाक्ये पुरेशी आहेत. हातातून खाली ठेववले नाही, असे अलीकडचे एक पुस्तकही जरूर सांगा.

लाजेविषयी थोडक्यात सांगते. आपण परीक्षेला बसलेल्या नाही आहात, आणि जाणता ग्रंथपाल वाचकाच्या आवडीला उच्च-नीच लावत नाही. वाचकाविषयी कळलेली खासगी माहिती गोपनीय ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 1939 सालच्या आचारसंहितेतच नमूद केले होते. तरीही चारचौघांत बोलणे नको वाटले, तर गर्दी नसलेली वेळ गाठा किंवा चिठ्ठी लिहून द्या.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा अपराधही मनात धरू नका. नॅन्सी पर्ल यांनीच सांगितलेला नियम असा की पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पुस्तकाला 50 पाने द्यावीत, आणि पन्नाशी ओलांडलेल्याने 100 मधून आपले वय वजा करून उरतील तेवढीच. आपल्या वाट्याला 46 पाने येतात. तेवढ्यात मन रमले नाही, तर पुस्तक निःसंकोच परत करावे.

पुढच्या खेपेला मुलाला न पाठवता स्वतः जा. मागचे सगळे उकरून काढण्याची गरज नाही. ‘आपण इतक्या आपुलकीने पुस्तके काढून ठेवता, पण गेल्या काही कादंबऱ्या मला पुऱ्या करता आल्या नाहीत, मला रहस्यकथा अधिक आवडतात,’ एवढे म्हणा आणि वर सांगितलेले कारण जोडा. दोन रहस्यकथांबरोबर त्यांच्या पसंतीचे एखादे वेगळे पुस्तकही मागा, म्हणजे त्यांच्या जाणकारीचा लाभ सुटणार नाही. एवढे सांगूनही त्या पूर्वीचाच आग्रह धरू लागल्या, तर तेथील दुसऱ्या कर्मचाऱ्यांना विचारण्यात त्यांचा अवमान होत नाही. आणि कपाटातून स्वतः निवडलेले एखादे पुस्तक मनापासून आवडले, तर ते का आवडले हेही बाईंना आवर्जून सांगा. तशाच आवडीच्या दुसऱ्या वाचकाला सुचवायला त्यांना ते उपयोगी पडेल.