हृदयविकाराच्या झटक्यानंतर छातीत दुखत नसेल, तरी दरवर्षी ट्रेडमिल चाचणी करावी का?

आपल्या वडिलांना झटका येऊन गेला, एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, मधुमेह जुना आहे आणि आता छातीत मुळीच दुखत नाही; तरीही मूक इस्केमिया (वेदना न होता हृदयस्नायूला रक्त कमी पडणे) शोधण्यासाठी दरवर्षी ट्रेडमिल चाचणी (सरकत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी घेणे) करावी का, असे आपण विचारले आहे. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि माझे उत्तर ‘सरसकट नको’ असे आहे.

आपली शंका मात्र रास्त आहे. हृदयस्नायूला रक्त कमी पडू लागले की आधी त्याचे शिथिल होणे बिघडते, मग त्या भागाचे आकुंचन मंदावते, त्यानंतर ईसीजी बदलतो आणि वेदना सर्वांत शेवटी येते; मधुमेहाने नसा क्षीण झालेल्या रुग्णात ती येतही नाही. त्यामुळे विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल आला, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. शोध घ्यायचाच असेल, तर स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेली त्याची सोनोग्राफी) किंवा स्ट्रेस थॅलियम (ताण देऊन, किरणोत्सारी द्रव्य टोचून स्नायूतल्या रक्तपुरवठ्याची घेतलेली प्रतिमा) या चाचण्या नुसत्या ट्रेडमिलपेक्षा आधीचा टप्पा पकडतात आणि स्नायूचा कोणता भाग उपाशी आहे हेही दाखवतात. लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणाऱ्या विद्युतसंदेशातला अडथळा) किंवा पेसमेकर असल्यास ट्रेडमिलच्या ईसीजीवरून निष्कर्ष काढूच नये.

प्रश्न उरतो तो सापडल्यावर काय करायचे याचा. स्वित्झर्लंडमधील स्विसी-२ अभ्यासात झटक्यानंतर मूक इस्केमिया आढळलेल्या २०१ रुग्णांपैकी अँजिओप्लास्टी झालेल्यांना दीर्घकाळ फायदा दिसला, पण ते रुग्ण १९९०च्या दशकात निवडलेले होते आणि तेव्हाचे औषधोपचार आजच्याइतके प्रभावी नव्हते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या कोरियातील अभ्यासात अँजिओप्लास्टी झालेल्या, अधिक जोखमीच्या १,७०६ रुग्णांपैकी निम्म्यांची वर्षभराने ठरवून स्ट्रेस चाचणी केली. दोन वर्षांनंतर मृत्यू, झटका किंवा अस्थिर अंजायनासाठी (विश्रांतीतही उद्भवणाऱ्या किंवा वाढत जाणाऱ्या छातीतल्या वेदनेसाठी) भरती होण्याचे प्रमाण त्यांच्यात ५.५ टक्के, तर इतरांत ६ टक्के होते, म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नव्हता. (तपासणी पॅकेजांच्या जाहिरातींत हे आकडे अर्थातच नसतात.)

वडिलांना जिना चढताना नव्याने धाप लागू लागली, अकारण थकवा जाणवू लागला किंवा इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता घटलेली दिसली, तर मात्र वेळ न दवडता प्रतिमेसह स्ट्रेस चाचणी करावी. सध्या अँजिओग्राफीचा अहवाल घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि अन्य रक्तवाहिन्यांत उपचार न केलेला मोठा अडथळा राहिला आहे का, हे विचारावे. राहिला असेल, तर लक्षणे नसतानाही चाचणीचा विचार होऊ शकतो.