गावात 5:28, रॅलीत 5:44

"घरी पोरगं झकास पळतं, भरतीत मात्र पाय गळतात. वयही निघून चाललंय." सातारा जिल्ह्यातल्या एका वडिलांचं हे गाऱ्हाणं. भरतीच्या हंगामात असे पालक माझ्याकडे बरेच येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा 20 वर्षांचा. सैन्यातल्या अग्निवीर जनरल ड्युटीची लेखी परीक्षा निघालेली, सोळाशे मीटर गावात 5 मिनिटं 28 सेकंदांत (5:28). मागच्या भरती रॅलीत मात्र 5:44 लागले, बीमवर (आडव्या दांड्यावर) 6 पुल-अप निघाले, निवड यादीत नाव नाही. तेव्हापासून झोप उडाली. "मैदानावर भीती वाटते," एवढंच तो सांगे.

भीती खरी होती, पण आधी फेऱ्यांचा हिशेब मांडला. 400 मीटरच्या चार फेऱ्या 5:30 मध्ये काढायच्या तर फेरीला साडेब्याऐंशी सेकंद येतात. हा गर्दीतून सुटायला पहिली फेरी 70 मध्ये मारी. तिसऱ्या फेरीत दम तुटे आणि लगेच मनात येई, "गेली भरती." गावात तो एकटाच पळत असल्यामुळे हे कधी उघडच झालं नव्हतं. म्हणून सराव 15-20 मुलांच्या घोळक्यात, धक्के खात, आणि पहिली फेरी 80 च्या आत काढायची नाही. आठवड्यातून एकदाच पूर्ण सोळाशे घड्याळ लावून, एकदा 400 मीटर सहा वेळा, 80-80 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. रोज घड्याळाशी शर्यत लावली की नडगी धरते. एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल तर पळणं थांबवून डॉक्टर गाठावा. हाडाची बारीक चीर पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही.

आता गुण. 5:30 पर्यंत 60, 5:45 पर्यंत 48. ज्या सेकंदांपायी झोप उडाली त्यांची किंमत 12 गुण. बीमवर 10 काढले तर 40, सहाला 16. तिथे 24 गुण सांडले होते आणि बाप-लेक दोघांनाही त्याचं काही नव्हतं! उडी मारून हनुवटी दांड्यावर न्यायची आणि पाच सेकंद घेत खाली यायचं, असे पाच-पाचचे चार सेट, आठवड्यातून तीन दिवस. एक दिवस सोळाशे पळून लगेच बीम, कारण रॅलीत हात ताजे नसतात. पाय झाडून वर गेलेला पुल-अप धरत नाहीत.

रॅलीला अनेकदा मध्यरात्री किंवा पहाटे बोलावतात. रात्रभर रस्त्याकडेला बसून, उपाशीपोटी पळायचं, मग धडधड होणारच. शेवटच्या पंधरवड्यात दोनदा त्याच वेळी उठून पळायला लावलं. दोन तास आधी केळी आणि गूळ-शेंगदाणे. रांगेत उभं असताना चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. दम वाढवणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनला सक्त नकार.

वडिलांना दोनच गोष्टी सांगितल्या: रोज "वेळ किती आली?" विचारायचं नाही, आणि "सेटिंग आहे" म्हणणाऱ्या दलालाला पैसे द्यायचे नाहीत. मुलाचा खरा प्रश्न शेवटी आला: "नाहीच झालं तर?" महाराष्ट्र पोलीस भरतीतही मुलांना सोळाशे मीटर पळावंच लागतं. त्यासोबत शंभर मीटर आणि गोळाफेक. त्या सरावाची वही त्याने त्याच आठवड्यात घातली.