भयपट नव्याने बघायला लागलायस ना? मग हे ऐक

सुरुवात ‘तुंबाड’पासून कर. रात्री, दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. २०१८ला आला तेव्हा फारसा चालला नाही. २०२४ला पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. त्यात कोणी सारखं ‘भॉक’ करत नाही. कोसळणारा पाऊस, पडका वाडा आणि माणसाची हाव, एवढ्यावरच भीती साचत जाते. नुसत्या दचकवणाऱ्या सिनेमांना मी भयपट म्हणतच नाही, पण ते असो.

‘मुंज्या’ हलकाफुलका आहे, घरच्यांबरोबर चालेल. कोकण आणि पिंपळ ओळखीचे, त्यामुळे भीतीपेक्षा हसूच जास्त येतं. याच दिग्दर्शकाचा, आदित्य सरपोतदारांचा, ‘झोंबिवली’ आवडला असेल तर ‘मुंज्या’ नक्की बघ.

मारामारीच हवी असेल तर ‘किल’, पण पोटभर जेवून बसू नकोस. जवळपास सगळा सिनेमा धावत्या ट्रेनमध्ये घडतो. डब्यात जागाच नाही, त्यामुळे हवेतल्या उड्या नाहीत, सगळी हातघाई. सिनेमाचं नाव पडद्यावर बरंच उशिरा, मध्याच्या आसपास येतं. त्याआधीचा नायक आणि नंतरचा नायक कसे मारतात, तेवढं नीट बघ. ट्रेलर मात्र कुठल्याच सिनेमाचा आधी बघू नकोस.