दुखणं कानाचं आणि ऑपरेशन नाकामागं?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आम्ही तासगावचे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. चार-पाच महिने झाले हाक मारली तर ओ देत नाही, टीव्ही मोठ्यानं लावतो, शाळेतल्या बाई म्हणतात वर्गात लक्षच नसतं. कान कधी दुखला नाही की फुटला नाही. रात्री मात्र तोंड उघडं टाकून झोपतो आणि घोरतो अगदी बाप्या माणसासारखा. मिरजेला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले पडद्यामागं पाणी आहे, तीन महिने थांबून परत गेलो तरी तसंच, आता म्हणतायत अ‍ॅडेनॉइड काढू आणि दोन्ही कानांत ग्रोमेट बसवू. सासूबाई म्हणतात दुखणं कानाचं आणि ऑपरेशन नाकामागं, हे कुठलं शास्त्र? त्यापेक्षा कोमट तेल घाला. काय करू?

उत्तर : ताई, सासूबाईंचा प्रश्न एकदम रास्त आहे, तेल तेवढं सोडा.

रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरला की कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की टक्कन सुटतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. ते दडे सोडवणारी एक नळी असते, युस्टेशियन नळी म्हणतात तिला. तिचं एक टोक पडद्यामागच्या पोकळीत आणि दुसरं नाकाच्या पार मागं, पडजिभेच्या वर. आणि अ‍ॅडेनॉइड नावाची ती मऊ गाठ नेमकी त्याच जागी, नळीच्या तोंडाशेजारी बसलेली. लहान मुलांची नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, आपल्यासारखी उतरती नसते, त्यात तीन ते सात वर्षांपर्यंत ही गाठ तिच्या मानानं मोठीच असते. नळी उघडेना झाली की आतली हवा शरीर शोषून घेतं, बाहेरनं नवीन हवा येत नाही, मग त्या पोकळीत पाणी पाझरतं आणि हळूहळू गोंदासारखं चिकट होतं. आपल्या मिरजेचा तंबोरा घ्या, भोपळा पोकळ म्हणून घुमतो, त्यात पाणी भरलं तर काय वाजणार? कान दुखत नाही म्हणूनच हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पोरगं मात्र 'ऐकत नाही' म्हणून बोलणी खातं.

हा संबंध काही कालचा नाही. कोपनहेगनच्या विल्हेम मेयर या डॉक्टरनं १८६८ साली ही नाकामागची वाढ आणि कमी ऐकू येणं यांचा मेळ घालून दाखवला होता. फक्त तेव्हा वाटायचं गाठ मोठी, म्हणून नळी दाबली गेली, विषय संपला. आता कळलंय की आकार हा अर्धाच भाग, त्या गाठीच्या सुरकुत्यांत जंतू ठाण मांडून बसतात आणि तिथनं नळीला सारखी सूज येत राहते. म्हणून एक्स-रेत गाठ मध्यमच दिसली तरी काढल्यावर कानाला फरक पडतो, आणि नुसता एक्स-रे बघून कुणी ऑपरेशन ठरवत असेल तर मला ते पटत नाही. तुमच्याकडं ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी) आणि टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा किती हलतो ते बघणारी) यांचे रिपोर्ट असतील ते बघा, नसतील तर आधी करून घ्या. असं पाणी असलेल्या मुलाला साधारण २५-३० डेसिबल कमी ऐकू येतं, म्हणजे पार बहिरा नाही, पण मागच्या बाकावर बाईंचे निम्मे शब्द पुसट. उद्याच बाईंना सांगून त्याला पुढं बसवा, त्याला ऑपरेशनची वाट बघायला नको.

तीन महिने थांबलात हे बरोबरच केलंत, बहुतेक मुलांचं पाणी तेवढ्यात आपोआप जातं. तुमच्या मुलाचं गेलं नाही, वय चारच्या वर आहे, नाकही चोंदलेलं आहे, त्यामुळं दोन्ही एकदम करायचा सल्ला मला योग्य वाटतो. ग्रोमेट म्हणजे पडद्यात बसवलेली इवलीशी नळी, तिनं ऐकू लगेच सुधारतं पण सहा महिने ते वर्षभरात ती आपोआप गळून पडते. गळल्यावर पाणी परत साठू नये म्हणून अ‍ॅडेनॉइड काढायचे. ते तोंडातनं काढतात, बाहेर टाका नाही, पण पूर्ण भूल लागते. आधी टाळू नीट तपासून घ्यायला सांगा, टाळूत झाकलेली फट असेल आणि गाठ काढली तर बोलणं नाकातनं येऊ लागतं. नंतर काही दिवस तोंडाला वास येतो, कानात ठणकतं, आवाज जरा बदलतो, घाबरू नका. नाकातनं किंवा तोंडातनं ताजं रक्त आलं तर मात्र तडक दवाखाना.

आणि तेल. ते पडद्याच्या अलीकडंच राहतं, पाणी पलीकडं, दोघांची गाठच पडत नाही. ग्रोमेट असताना तर थेंबही नको, आणि विहिरीत बुडी मारायची असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : कराडहून विचारतोय. मुलगी अडीच वर्षांची, कानात पाणी आहे, नाक मोकळं आहे, झोपही शांत. नातेवाईक म्हणतात अ‍ॅडेनॉइड काढूनच टाका. काढू का?

उत्तर : नको. चारच्या आत नाक बंद नसेल तर फक्त कानासाठी अ‍ॅडेनॉइड काढत नाहीत, पाणी टिकलं आणि ऐकू कमी येतंय असं दिसलं तर ग्रोमेटचाच विचार होतो. सर्दीच्या गोळ्या, अँटिबायोटिक्स यानं हे पाणी जात नाही, उगाच देत बसू नका. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर अंगणात नाही, बंदच करायला लावा, आणि झोपवून बाटली देत असाल तर तीही सोडवा. तीन महिन्यांनी परत तपासणी, आणि तोवर ती किती शब्द बोलते ते वहीत लिहून ठेवा, तपासणीला जाताना ती वही बरोबर न्या.