मुलातो: खेचराचा की औलादीचा?

मेक्सिको आणि पेरूच्या वसाहतकालीन इतिहासात भेटणाऱ्या 'क्रिओयो', 'मेस्तिसो' आणि 'मुलातो' या तिन्ही शब्दांसाठी मराठीत 'संकरित' चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. चालणार नाही. संकरित गाय असते, संकरित ज्वारी असते. माणसांना हे विशेषण लावलेले भाषांतरांतून इतक्यांदा वाचावे लागते की आता ते मुद्रणदोष म्हणूनही सोडवत नाही.

शिवाय क्रिओयो हा मिश्रवंशीय नव्हेच. 'पोसणे, वाढवणे' या अर्थाच्या 'क्रिआर' या क्रियापदापासून आलेला हा शब्द, आईबाप स्पॅनिश पण जन्म अमेरिकेतला, अशा माणसासाठी रूढ झाला. व्हाइसरॉयचे पद बहुधा थेट स्पेनहून आलेल्याकडे जाताना पाहण्याची वेळ याच वर्गावर येई. स्पॅनिश आणि मूळ रहिवासी यांची संतती ती मेस्तिसो. हा शब्द लॅटिनमधून आलेला असून आपल्या 'मिश्र'चा दूरचा भाऊबंद आहे. स्पॅनिश कप्तान आणि इंका राजकुळातली स्त्री यांचा मुलगा असलेल्या गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९ साली हे नाव आपण अभिमानाने मिरवतो, असे लिहून ठेवले आहे.

खरी गंमत आहे ती युरोपीय आणि आफ्रिकी अशा मिश्र वंशाच्या मुलातोमध्ये. स्पॅनिश कोशकार कोबारुब्यास याने १६११ च्या कोशात हा शब्द 'मुलो' म्हणजे खेचर यावरून आल्याचे सांगितले आणि स्पॅनिश अकादमीचा कोश आजही तेच सांगतो. मला ही व्युत्पत्ती पटत नाही. अरबांमध्ये वाढलेल्या, पण अरब किंवा निर्भेळ अरब नसलेल्या माणसाला अरबीत 'मुवल्लद' म्हणत. मुसलमान झालेल्या स्थानिक लोकांसाठी स्पेनमध्ये रुळलेला 'मुलादी' हा शब्द त्यातूनच आला, याविषयी कोणाचेही दुमत नाही. ज्या भूमीत शतकानुशतके अरबी बोलली गेली, तिथे मिश्र कुळाच्या माणसासाठी तयार शब्द हाताशी असताना लोक तबेल्यात कशाला शिरतील? मुवल्लदचा धातू 'व-ल-द', म्हणजे जन्म देणे. आपली 'औलाद' याच धातूची, आणि जुन्या दस्तऐवजांत मुलाच्या व बापाच्या नावांमध्ये येणारे 'वलद'सुद्धा याचेच. हे नाते ध्यानात आले की मुलातो हा शब्द परका वाटेनासा होतो.

प्रतिपक्षाकडे एक पुरावा आहे, तो लपवणे बरे नव्हे. 'लोबातो' म्हणजे लांडग्याचे पिल्लू, 'सेर्वातो' म्हणजे हरणाचे पाडस. तेव्हा '-आतो' हा प्रत्यय जनावरांच्या पिलांना लागतो आणि त्या नियमाने मुलातो हे खेचराचे शिंगरू ठरते. अठराव्या शतकातल्या मेक्सिकन चित्रमालिकांमध्ये, बहुधा सोळा चौकटींत, मिश्र कुटुंबे नावांनिशी रंगवलेली असत आणि त्या नावांत 'लोबो' म्हणजे लांडगा व 'कोयोते' हीही आढळतात, हेही खरे. तरीही माझे मत असे की अरबी शब्द आधीचा असावा आणि खेचराचा अर्थ तुच्छतेने त्यावर मागाहून बसला असावा. कोशकारांनी मात्र तो मागाहूनचा अर्थच मूळ म्हणून नोंदवला आणि पुढच्यांनी तो डोळे मिटून उतरवून घेतला.

तुच्छता नुसती बोलण्यापुरती नव्हती. 'त्रिबुतो' नावाच्या डोईपट्टीतून मेस्तिसो सुटत असे, स्वतंत्र मुलातोला ती भरावी लागे. आणि 'पार्दो' (मुलातोचे जरा सभ्य नाव) हा दर्जा राजाज्ञेने पुसून घ्यायचा असेल तर १७९५ च्या दरपत्रकात त्याची किंमत ५०० रियाल ठेवलेली होती.

तेव्हा, मूळ प्रश्नापुरते, तिन्ही शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिहावेत आणि पहिल्या उल्लेखापाशी अर्थ द्यावा. 'मिश्रवंशीय' हे शेवटच्या दोघांना चालेल, क्रिओयोला नाही.