रोज तेच राक्षसांचं पुस्तक

मूल रोज रात्री एकच भीतीदायक गोष्ट मागतं, म्हणजे त्याचं काही बिघडलंय का? हा प्रश्न घेऊन पालक नेहमी माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं, पण तेवढ्यानं आईचा जीव भांड्यात पडत नाही.

नागपुरातल्याच एका घरातली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा पाच वर्षांचा, बहीण नुकतीच जन्मलेली. मावशीनं त्याला मॉरिस सेंडॅक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे चित्रपुस्तक दिलं, तेव्हापासून त्याला दुसरं काही नको. शिवाय चिडला की आईला म्हणायचा, "तुला खाऊन टाकीन." आजी ठाम होत्या. "काहून देता लेकराच्या हाती असले राक्षस? म्हणूनच तो असा वागून राहिला."

पुस्तक १९६३ सालचं. लांडग्याचा पोशाख घालून धिंगाणा घालणारा मॅक्स आईला नेमकं हेच म्हणतो आणि उपाशीपोटी खोलीत पाठवला जातो. खोलीत जंगल उगवतं, तो होडीतून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या देशात जातो, त्यांचा राजा होतो.

मुलाच्या आईला, ताईंना, मी म्हटलं, त्याला वाचून दाखवता तसंच मला दाखवा. सुरुवातीची चित्रं लहान, भोवती कोरी पांढरी जागा. पुढे चित्रं वाढत जातात आणि शेवटी दोन्ही पानं व्यापतात. मग प्राण्यांच्या दंग्याची सलग तीन जोडपानं येतात, त्यांवर एक अक्षर नाही. तिथे ताईंनी भराभर पानं उलटली. "इथं वाचायला काही नाही ना. पण तो दर वेळी माझा हात धरतो, उलटूच देत नाही."

मला जे हवं होतं ते इथे सापडलं. वाचता न येणाऱ्या मुलाला आख्ख्या पुस्तकात तेवढीच पानं मोठ्यांच्या मदतीशिवाय पुरी समजतात. घरात बाळ झोपलंय म्हणून दिवसभर "हळू बोल" ऐकणाऱ्या पोराला तिथे मनसोक्त ओरडता येतं, आणि ओरडणाऱ्यांचा राजा तोच असतो. आणखी एक गोष्ट ताईंच्या लक्षात आली नव्हती: मॅक्सची आई एकाही चित्रात दिसत नाही. पण तो परततो तेव्हा जेवण खोलीत ठेवलेलं असतं आणि ते अजून गरम असतं. म्हणजे राग आला, आईला खाऊन टाकायची भाषा झाली, तरी जेवण मिळालंच. बहीण आल्यापासून या मुलाला बहुधा याचीच खात्री हवी होती, तीही रोज नव्यानं.

आजींची काळजी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ब्रुनो बेटेलहाइम यांच्यासारख्या नामवंत मानसतज्ज्ञानंही १९६९ मध्ये एका मासिकातून या पुस्तकावर टीका केली होती, तीही स्वतः न वाचता. उपाशी झोपायला पाठवणारी आई मुलाला फार घाबरवेल, असं त्यांना वाटत होतं. जेवण येतं ते शेवटी, आणि ते त्यांनी वाचलंच नव्हतं.

आजींना मी एवढंच विचारलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याला मारबत बघायला कोण नेतं? "मीच नेते की, खांद्यावर घेऊन." मिरवणुकीतल्या काळ्या-पिवळ्या मारबतीचे भलेमोठे भयंकर पुतळे, मागे बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, "घेऊन जा गे मारबत"चा गलका, ते सारं बघून पोरगं घरी येऊन नीट जेवतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्या हसल्या. पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही.

पुस्तक काढून घेऊ नका, असं मी सांगितलं. बिनशब्दांच्या पानांवर घाई करू नका, हवं तर सोबत ओरडा. वाचून झाल्यावर "बघ, मॅक्स कसा शहाणा झाला" असं तात्पर्य नको. दिवसातून थोडा वेळ बाळ दुसऱ्या कुणाकडे देऊन फक्त त्याच्यासोबत बसा. मूल दिवसाउजेडीही घाबरत असेल, आठवडेच्या आठवडे झोपेना, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली किंवा बाळाला इजा करू लागलं, तर मात्र तज्ज्ञांना दाखवा. यातलं इथे काही नव्हतं.

"खाऊन टाकीन" अधूनमधून अजून ऐकू येतं. पुस्तकही रोजच हवं असतं. ताईंची आताची तक्रार वेगळी आहे, त्यांना त्याच गोष्टीचा कंटाळा आलाय. तो रास्तच आहे. एक दिवसाआड बाबांनी वाचायचं, असं ठरलं.